संपाआधीचे कप

कपबशांच्या कारखान्यात मी एकवीस वर्षं टकटक केली. भट्टीतून निघालेला कप डाव्या हातात धरायचा आणि लाकडी काडीने हलकेच वाजवायचा. चांगला कप खणखणतो, तडकलेला बद्द वाजतो. सगळे मला टकटकबाई म्हणत.

कारखाना बंद झाला त्या आठवड्यात साहेबांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. संपापर्यंत माल उत्तम होता; अकरा दिवस भट्टी विझली, तिला तडे गेले आणि तेव्हापासून माल फुटू लागला, असं त्यात लिहिलं होतं. खाली माझ्या सहीसाठी रेघ.

"तपासणारी तुम्ही. तुमच्या सहीला वजन आहे," साहेब म्हणाले. "पलीकडच्या कारखान्यात तुमच्यासाठी शब्द टाकलाय मी."

"आणि बाकीच्या बायका?"

"त्यांनी संप केला, बाई. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला."

खरं काय ते मला ठाऊक होतं. फेब्रुवारीत साहेबांनी हलकी माती आणली. कपाला कान जोडला की नेमका तिथेच तडा. मी तीनदा सांगायला गेले. "माती उत्तम आहे, बायकांचे हात ढिले पडलेत," असं म्हणून त्यांनी कान जोडणाऱ्या चौघींना घरी बसवलं. म्हणून सप्टेंबरात संप झाला. आता कामगार अधिकाऱ्याने हा कागद खरा मानला, तर एकशेचाळीस बायकांच्या कपाळी कारखाना बुडवल्याचा शिक्का बसणार होता. मग त्यांना दारात कोण उभं करणार?

तीन दिवसांनी अधिकाऱ्यापुढे सुनावणी होती, तेव्हा सांगते म्हणून मी कागद घेऊन घरी आले.

सासूबाई चहा पीत बसल्या होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "कर सही आणि मोकळी हो. तुझ्या खरेपणावर चूल पेटणार आहे का? आणि हा कप गळतोय, कितीदा सांगितलं!"

मी कप त्यांच्या हातातून घेतला आणि उलटा केला. उरलेला चहा त्यांच्या मांडीवर.

"अगं भवाने!"

"थांबा हो, सासूबाई!"

कपाच्या बुडाला चारचा आकडा होता. माती ओली असतानाच आम्ही महिन्याचा आकडा उमटवायचो. चार म्हणजे एप्रिल. आणि तडकलेले कप घरी न्यायला साहेबांनीच सांगितलं होतं. टाकायला जागा उरली नव्हती ना!

मी तशीच चपला अडकवून संघटनेच्या अध्यक्षीणबाईंकडे गेले. ही कान जोडणारी, घरी बसवलेल्या चौघींतली पहिली.

"तुझ्याकडे तडकलेले कप किती गं?"

"माझ्या घरात धड काय आहे ते विचार," ती म्हणाली.

दोन दिवस आम्ही दारोदार हिंडलो. कुणी कपात पेन्सिली ठेवल्या होत्या, कुणी कोथिंबीर लावली होती. सुनावणीला आम्ही गेलो त्या बादल्या आणि टोपल्या घेऊनच. दारावरचा शिपाई म्हणाला, "बाजार मागच्या गल्लीत भरतो." अध्यक्षीणबाई म्हणाली, "आज इथेच भरणार."

माझा कागद मी सही न करताच परत दिला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग अधिकाऱ्यासमोर मी एकेक कप वाजवत गेले. बद्द. बद्द. प्रत्येक कप उलटून महिना सांगायचा: फेब्रुवारी, मार्च, जून. थोड्या वेळाने तो स्वतःच कप उलटून आकडे वाचू लागला.

"घरी आपटून फोडलेत हे!" कंपनीचा वकील उसळला.

"आपटलेला कप काठाला फुटतो, वकीलसाहेब. हे दोनशे सत्तर कप पाहा. सगळे कानाच्या मुळाशी तडकलेत."

"पण संपात भट्टी विझली होती ना?" अधिकाऱ्याने विचारलं.

"विझली होती. खोटं कशाला बोलू? पण ती सप्टेंबरात. सप्टेंबरातली भट्टी मार्चातला कप कशी तडकवेल?"

साहेब पाण्याचा ग्लास फिरवत राहिले.

निकालात अधिकाऱ्याने लिहिलं, नुकसान मातीमुळे झालं आणि माती बदलण्याचा निर्णय व्यवस्थापनाचा होता. कारखाना काही उघडला नाही. गिऱ्हाईक केव्हाच गेलं होतं. पण सगळ्यांना स्वच्छ दाखले मिळाले, त्या चौघींनाही, आणि बहुतेकींना दुसरीकडे काम लागलं. पलीकडच्या कारखान्याचं दार मला मात्र बंदच राहिलं. सेहेचाळिसाव्या वर्षी मी बाटल्या भरायला शिकले. सासूबाई चार महिने धड बोलल्या नाहीत.

गेल्या वर्षी एका लग्नात शेजारच्या पंगतीत कुणाचा तरी जावई सांगत होता, "इथे मोठा कपबशांचा कारखाना होता. युनियनने बुडवला."

मी ताट घेऊन उठले आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"जेवा, जावईबापू, सावकाश जेवा," मी म्हटलं. "मला घाई नाही. तो कुणी बुडवला ते मी सांगते."