डावी पट्टी वांदरानं नेली

मी कॅप्टन मालन गोताड यांच्या उजव्या खांद्यावरची पट्टी बोलतेय. डावीची चौकशी आत्ताच करू नका. तिला वांदरानं नेलं, आणि म्हणूनच तर मला तोंड उघडायची वेळ आली.

पट्टी म्हणजे काय ते आधी सांगते. लष्करी गणवेशाच्या खांद्यावर बटणानं बंद होणारी एक अरुंद दुमड असते. तिच्यात कापडाची छोटी पट्टी ओवतात आणि पट्टीवर हुद्द्याची खूण असते. कुणी कुणाला सलाम ठोकायचा ते त्या खुणेवरून ठरतं. माझ्यावर पिवळ्या रेशमाचे तीन तारे आहेत. तीन तारे म्हणजे कॅप्टन. उगाच मिरवत नाही, पण तुम्हाला माहीत असलेलं बरं.

आम्ही दोघी पुण्याच्या कॅम्पातल्या एका शिंप्याच्या दुकानात एकाच कापडातून निघालो. शिंपी चहा पिता पिता भरतकाम करायचा. त्यामुळे डावीचा मधला तारा किंचित तिरका झाला होता, आणि मी तिला त्यावरून छळायची. बहिणी म्हटल्यावर एवढं चालायचंच.

मालन लष्करी इस्पितळात परिचारिका होती. पूर्णगडच्या अलीकडे खाडीच्या अंगाला तिचं माहेर. त्या गावातल्या मुली तेव्हा फार तर रत्नागिरीला जायच्या. ही थेट पंजाबात पोचली. तिला बढती मिळाली त्या दिवशी कमांडंटसाहेबांनी मला तिच्या उजव्या खांद्यावर चढवलं. डावी पट्टी घरच्या माणसानं चढवायची, असा तिथला रिवाज. पण कोकणातून एवढ्या लांब कोण येणार? वॉर्डातल्या एका सुभेदाराचा पाय प्लास्टरात होता. तो चाकांच्या खुर्चीतून म्हणाला, "बेटी, ज़रा झुकना." मालन वाकली आणि त्यानं डावीला खांद्यावर बसवलं. मग तो इतका रडला, की मालनलाच त्याला पाणी द्यावं लागलं.

त्या नोकरीत मला माणसांची एक खोड कळली. माणसं आधी खांद्याकडे बघतात, मग चेहऱ्याकडे. वॉर्डात नवा आलेला जवान कळवळून "ओ सिस्टर!" अशी हाळी घालायचा. मग त्याची नजर आमच्यावर जायची आणि तो पडल्या पडल्या ताठ व्हायचा. "सॉरी, मॅडमसाहेब!" मालन म्हणायची, "हिलो मत, टाका तुटेल." अर्धं हिंदी, अर्धं मराठी. पण जवानाला सगळं समजायचं.

नोकरीची मुदत संपल्यावर ती गावी आली आणि तिचं लग्न झालं. नवरा विठू गोताड, एसटीत कंडक्टर. माणूस सरळ, बोलका, पण चारचौघांत उभं केलं की जीभ टाळ्याला चिकटणारा. मालननं रत्नागिरीत एका दवाखान्यात नोकरी धरली. दर्शना झाली, मोठी झाली, शहरात औषधांच्या दुकानात लागली. आम्ही पेटीत गणवेशाबरोबर डांबराच्या गोळ्यांचा वास घेत पडलो. वाईट नव्हतं. वर्षातून एकदा, दसरा झाला की पेटी उघडायची आणि आम्हाला घरापुढच्या खळ्यात ऊन मिळायचं. कोकणात पावसाळ्यानंतर कपड्यांना ऊन दाखवलं नाही तर बुरशी धरते, हे काही नवीन नाही.

अशाच एका आश्विनातली गोष्ट. गणवेश दोरीवर होता आणि आम्हा दोघींना काढून गडग्यावर, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणावर, शेजारी शेजारी ठेवलं होतं. विठू ओटीवर सुपारी कातरत होता. तेवढ्यात फणसावरून वांदरांची टोळी उतरली. पडवळाच्या मांडवाकडे त्यांचा रोख होता. पण एका वांदरीला पिवळे तारे दिसले. तिनं मला उचललं, हुंगलं, टाकलं. मग डावीला उचललं, दातांखाली धरलं, आणि ती तिला बरी लागली असावी.

"मालन! धाव गो! तुजा खांदा नेलान!" विठू अडकित्ता हातात घेऊनच धावला.

मालन स्वयंपाकघरातून आली तोवर वांदरी आंब्यावर, आंब्यावरून काजूवर आणि तिथून पऱ्याचं पाणी ओलांडून पलीकडच्या रानात. सगळ्या वाडीनं शोधलं. कुणाला पडवळं मिळाली अर्धी खाल्लेली, कुणाला हरवलेला कोयता मिळाला. डावी नाही मिळाली.

"जाऊंदे," मालन कमरेवर हात ठेवून म्हणाली. "वांदरीला प्रमोशन मिळालं म्हणायचं."

सगळे हसले. तीही हसली. पण गणवेश घडी करताना तिनं मला हातात धरलं आणि दुसरा हात सवयीनं डावीसाठी गडग्यावर फिरवला. तिथे नुसता तापलेला चिरा होता.

पुढच्या पंधरा ऑगस्टला जे झालं, ते मी ओटीवरच्या बोलण्यातून ऐकलं. गावात नवा सरपंच आला होता, भिकाजी. तरुण, उत्साही, सगळं करायची हौस, पण नीट चौकशी करायला फुरसत नाही. त्याला कुणीतरी सांगितलं, गोताडांच्या घरात लष्करातलं माणूस आहे. झालं! शाळेच्या पटांगणात माइकवरून पुकारा झाला, "माजी सैनिक श्री. विठू गोताड यांनी ध्वजारोहण करावं!" विठू छत्री मिटून उभा राहिला आणि तसाच राहिला. दोघांनी त्याला धरून पुढे नेलं, हातात दोरी दिली, नंतर शाल पांघरली. मग भिकाजी म्हणाला, "आता वीरपत्नी मालनकाकींचा सत्कार." नवरा शेजारी शाल पांघरून उभा, आणि बाई शहिदाची वीरपत्नी!

"तुम्ही सांगितलं का नाही, बाबा?" दर्शना घरी येऊन कडाडली.

"अगो, त्यानं माझ्या हातात दोरी दिलीन. झेंडा वर जात होता. मधेच थांबवून काय सांगू, मी तिकिटं फाडायचो म्हणून?"

"हो, तेच सांगायचं!"

मालन मात्र हसत होती. "राहूदे गो. तुझ्या बाबांनी झेंडा मात्र सुरेख चढवला. कुठे अडकला नाही."

नंतर विठू गुरं बघायला गेला, तेव्हा दर्शना आईजवळ बसली. "आई, खरंच राग नाही आला?"

मालन पेटी उघडून बसली होती. मी तिच्या तळहातावर होते.

"राग नाही," ती म्हणाली. "पण खरं सांगू? माइकवरून ते ऐकताना क्षणभर मलाच वाटलं, की असेलही तसंच. ती पंजाबातली थंडी, ते वॉर्ड, ती पोरं... इथे कुणी बघितलंय? ही एक पट्टी उरली. एकीनं काय सिद्ध होतं? एक पट्टी तर कुणालाही सापडते."

दर्शनानं मला उचलून फोनवर माझा फोटो काढला. मी त्या मुलीला लहानपणापासून ओळखते. ती अशी कामाला लागली, की समजायचं, काहीतरी शिजतंय.

आधी तिनं फोनवरून तशीच पट्टी मागवली. पुडकं आलं, मोठ्या उत्साहात फोडलं. तीन तारे होते, पण खाली लाल-निळी फीत. पोलीस इन्स्पेक्टरच्या पट्ट्या! विठूनं एक उचलून स्वतःच्या बनियनवर धरली. "बरं झालं. आता त्या वांदरीला अटक करूया."

मग दर्शनानं ठरवलं, बेळगावला जायचं. तिथे कॅम्पात लष्करी सामानाची दुकानं आहेत. आईला सांगितलं, मैत्रिणीचं लग्न आहे. सोबत विठू. पर्समध्ये मी, रुमालात गुंडाळलेली. एसटीत विठूनं सगळा वेळ नव्या कंडक्टरच्या कामावर नजर ठेवली. "घंटी किती जोरात मारतोय बघ," असं तो दर्शनाला तीनदा तरी म्हणाला.

दुकान जुनं, बोळकांडीसारखं लांब. गल्ल्यावर पांढऱ्या मिशांचे एक म्हातारे बसले होते. दर्शनानं मला काचेवर ठेवलं. म्हाताऱ्यांनी मला बोटांवर घेऊन उलटसुलट पाहिलं, आणि मग विठूकडे बघून ते अदबीनं उठले.

"या साहेब. कुठली पलटण आपली?"

पुन्हा तेच! मला वाटलं, आता याची जीभ पुन्हा टाळ्याला चिकटणार. विठूचा चेहरा लाल झाला.

"मी नाय," तो म्हणाला. मग जरा मोठ्यानं, दुकानातल्या दोन जवानांनाही ऐकू जाईल असं, "मी एसटीतला. कॅप्टन माझी बायको. ही तिची पट्टी. माझ्या बायकोची."

दर्शनानं बापाकडे असं पाहिलं, जणू तो आत्ताच तिला नव्यानं भेटला.

म्हातारे मान डोलावत म्हणाले, "फार चांगलं. पण हे सामान आम्ही कुणालाही देत नाही. मॅडमसाहेबांशी बोलणं होईल?"

आता लग्नाचं बिंग फुटणार. दर्शनानं व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर मालन, हाताला पीठ लागलेलं, मागे तवा.

"काय गो, लागलं का लग्न?" मग तिला काचेवरची मी दिसले. "ही तिथे कशी? माझी पेटी कुणी उघडलीन?"

"आई, रागावू नकोस. डावी करून घ्यायची आहे."

तव्यावरची भाकरी करपायला लागली असावी, कारण धूर दिसत होता. पण मालन हलली नाही. म्हाताऱ्यांनी फोन हातात घेतला, ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "जय हिंद, मॅडमसाहेब." दुकानातले दोन्ही जवान आपोआप सावरून उभे राहिले.

"जय हिंद," मालन म्हणाली. तिनं पिठाचा हात पदराला पुसला आणि तिचा आवाजच बदलला. कुठलं इस्पितळ, कोणतं साल, कमांडंट कोण, सगळं टपाटप सांगितलं. दर्शनानं आईचं माजी सैनिकाचं ओळखपत्र दाखवलं आणि काम पक्कं झालं.

"एकच अडचण आहे," म्हातारे म्हणाले. "असं कापड आता येत नाही. नवी डावी केली तर रंग जुळायचा नाही. त्यापेक्षा नवी जोडीच घ्या. ही जुनी ठेवून द्या."

माझ्या रेशमाचा धागा न् धागा आखडला. इतकी वर्षं साथ दिली, आणि आता ठेवून द्या?

"नको," मालन पडद्यावरून म्हणाली. "उजवी आहे तीच राहील. तिच्याबरोबरची फक्त डावी करा."

"पण मॅडमसाहेब, एक फिकी, एक गडद दिसेल."

"दिसूदे. माझे केस तरी कुठे एका रंगाचे आहेत?"

म्हातारे मिशीतल्या मिशीत हसले. त्यांनी आत कारागिराला हाक मारली आणि मला नमुना म्हणून त्याच्यापुढे ठेवलं. माझ्या शेजारीच नवीचे तारे एकेक करून उगवले. तिचे तिन्ही तारे सरळ. मला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं. पण पोर नवीन आहे, म्हटलं, सांभाळून घेऊ.

जानेवारीतल्या एका सकाळी मालननं गणवेश चढवून बघितला. बटणं लागेनात. पोटाजवळची तर एकमेकांना दुरूनच नमस्कार करत होती. पण खांदे तेच होते. तिनं मला उजवीकडे ओवलं. नवीला हातात घेऊन ती थांबली आणि विठूला म्हणाली, "अहो, ही तुम्ही चढवा. घरच्या माणसानं चढवायची असते."

विठूनं चष्मा पुसला. बटण दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा लागलं.

नेमकी तेव्हाच खळ्यात मोटारसायकल थांबली. सरपंच भिकाजी सव्वीस जानेवारीचं आमंत्रण घेऊन आला होता. "विठूकाका, यंदा पण झेंडा तुम्हीच..." असं म्हणत तो ओटीवर चढला, आणि समोर मालन! त्यानं आधी खांद्याकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. माणसांची खोड, दुसरं काय.

"काकी... हे काकांचं घातलंत?"

"माझं आहे, भिकाजी. मी कॅप्टन होते."

भिकाजी मटकन बाकावर बसला आणि लगेच उभा राहिला. "मग मी तुम्हाला... वीरपत्नी..."

"मी अजून जिता हाय रे," विठू म्हणाला, "एवढं मात्र ध्यानात ठेव."

भिकाजीनं कान पकडले. मालन म्हणाली, "कान सोड. चहा घे. पुढच्या वेळी विचारत जा, म्हणजे झालं."

सव्वीस जानेवारीला झेंडा मालननं चढवला. गणवेश घालून नाही. नोकरी सुटल्यावर तो असा मिरवायचा नसतो, असं तिचं मत. साधी निळी साडी आणि त्यावर पदकं. आम्ही दोघी घरीच होतो. माइकचा आवाज वाऱ्याबरोबर वाडीपर्यंत येत होता. "माजी सैनिक, कॅप्टन मालन गोताड," एवढं स्वच्छ ऐकू आलं. नवी मला म्हणाली, "आपल्याला न्यायला हवं होतं." मी म्हटलं, "गप ग. आपण इथे असून तिथलं नाव ऐकू येतंय, यापेक्षा आणखी काय पाहिजे?"

आता आम्ही पेटीत नसतो. ओटीवर काचेचं दार असलेलं कपाट आहे, त्यात गणवेश टांगलाय. एक फिकी, एक गडद. नवी फार बडबडी आहे, पण चांगली आहे. तिला पंजाबातल्या गोष्टी सांगण्यात माझा वेळ जातो.

जाता जाता तुम्हाला एवढीच विनवणी. कुणाच्या घरी गेलात आणि असा गणवेश टांगलेला दिसला, तर ओटीवर बसलेल्या पुरुषाला लगेच सलाम ठोकू नका. आधी विचारा. आमच्याकडे येणारे अजून चुकतात. कपाटाकडे बघतात, विठूकडे बघतात, हात जोडतात आणि म्हणतात, "वा काका! लष्करात होतात?"

विठू सुपारी कातरायची थांबवतो आणि सगळी वाडी ऐकेल अशा आवाजात आत हाक मारतो,

"कॅप्टन! बाहेर ये गो. तुझ्याकडे माणसं आलीत!"