गाडी चालवणार कोण?

डहाणूच्या शोरूममध्ये विक्रीसाठी नव्या माणसांचं ट्रेनिंग चालू होतं. पाचवा दिवस उजाडला तरी लडक्याला "नमस्कार सर, आपलं स्वागत आहे" एवढंसुद्धा धड म्हणता येत नव्हतं. तलासरीकडच्या डोंगरातल्या गावचा हा तिशीचा माणूस. नऊ वर्षं प्रवासी जीप चालवलेली. नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगायचा, पण तिचं कौतुक करायला लावलं की घामाघूम. चार उमेदवारांपैकी तिघांना घ्यायचं होतं आणि शिकवणाऱ्या उन्नतीने चौथं नाव मनातल्या मनात खोडूनही टाकलं होतं.

त्या दुपारी वाणगावहून मायलेक आले. शांतीबाई नुकत्याच निवृत्त झालेल्या नर्स, मुलगा सुरज बँकेत. तुषार नावाच्या उमेदवाराने सुरजला खुर्चीत बसवून मायलेज, एअरबॅग, सगळं घडाघडा ऐकवलं. शांतीबाई तेवढ्यात उठल्या आणि एका छोट्या निळ्या गाडीपाशी जाऊन काचेतून आत बघू लागल्या.

लडक्या पाणी घेऊन त्यांच्याकडे गेला.

"मावशी, गाडी चालवणार कोण?"

शांतीबाईंनी मुलाकडे चोरून पाहिलं. "मी," त्या हळूच म्हणाल्या आणि पर्समधून लायसन्स काढलं. कोरं करकरीत.

"आई, हे कधी?" सुरज उठूनच उभा राहिला.

"दोन महिने क्लासला जात होते. बचत गटाची मीटिंग सांगून."

लडक्याने उन्नतीकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली आणि त्याने चावी थेट शांतीबाईंच्या हातात ठेवली.

आगरच्या रस्त्याला गाडी लागली. वेग वीसचा. लडक्या शेजारी, सुरज मागे, सीटला घट्ट धरून. मागून मासळीचा टेम्पो हॉर्नवर हॉर्न देऊ लागला, तशा शांतीबाई गडबडल्या.

"वाजवू द्या, मावशी. हॉर्न त्याचा, रस्ता आपला पण आहे. क्लच हळू सोडा. हां, अस्सं."

टेम्पो पुढे निघून गेला. सुरूच्या झाडांपाशी शांतीबाईंनी चौथा गिअर टाकला आणि त्यांना हसूच आवरेना. मागे सुरजने सीट केव्हा सोडली आणि मोबाइलवर आईचा व्हिडिओ काढायला केव्हा घेतला, त्याचं त्यालाही कळलं नाही.

पंधरा मिनिटांची चक्कर पाऊण तासाने संपली. उन्नती दारातच उभी होती, चिडलेली. शांतीबाई उतरल्या आणि म्हणाल्या, "हीच. निळीच. आणि मला चार दिवस आणखी शिकवायला हा माणूस पाहिजे."

उन्नतीचा राग कुठल्या कुठे गेला. संध्याकाळी तिने मालकांना, हितेशभाईंना फोन लावला. "तीन नाही, चार जण घेऊ या. बोलायला तिघं आहेत. विचारणारा एक तरी हवा."

"घ्या की, बेन," हितेशभाई म्हणाले.

शनिवारी शांतीबाई गाडी न्यायला आल्या. हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. मग त्या चालकाच्या जागी बसल्या, सुरज शेजारी. फाटकापाशी गाडी बंद पडली. तुषार धावायला निघाला, तर लडक्याने त्याचा हात धरला.

"थांब. त्यांना येतं."

गाडी पुन्हा सुरू झाली, जरा हिसका देऊन वाणगावच्या दिशेला वळली, आणि सगळं शोरूम टाळ्या वाजवू लागलं.