आचलच्या नावावरचा कूलर

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. अकोल्यातला, पत्र्याचा, खडखडणारा आणि सध्या फार वैतागलेला. मला थंड हवा द्यायला बनवलं, पण या घरात जे झालं ते पाहून माझंच डोकं तापलं आहे.

माझा सांगाडा अब्दुल रहीम मिस्त्रींनी घडवला. त्यांचं काम पक्कं, पत्रा अजून शाबूत आहे. मोटर मात्र दुकानदाराने बसवली आणि तिथे हात आखडता घेतला. बार्शीटाकळीच्या रस्त्यावर जीप चालवणाऱ्या खुशालरावांनी ऐन एप्रिलात मला हप्त्यांवर घेतलं. त्यांच्या आधार आणि पॅन कार्डावरची नावं जुळत नव्हती, म्हणून कर्जाचे कागद त्यांच्या मुलीच्या, आचलच्या नावावर झाले. ती नुकतीच अठरा वर्षांची झाली होती. दुकानदार म्हणाला, "फक्त सही पाहिजे." तिनेही हौसेने केली.

पहिला उन्हाळा मी घर गार ठेवलं. आचल माझ्यासमोर बसून बँकेच्या परीक्षेची गणितं सोडवायची. तिची आई मनकर्णाबाई शेजारणींना मुद्दाम बोलावून माझ्यासमोर बसवायची. मला तेव्हा फार बरं वाटायचं. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात माझी मोटर जळाली. दुकानदाराने हात वर केले आणि खुशालराव खवळले.

"कूलर चालत नाही त किस्त काहून भरू? येऊ द्या त्याले हात जोडत!"

झालं, हप्ते बंद! अहो, दुकानदाराला त्याचे सगळे पैसे फायनान्स कंपनीने आधीच दिले होते. तो मजेत होता. मी हे कोपऱ्यातून सांगणार तरी कसं? पुढे अब्दुल रहीमनी नवी मोटर बसवली, मी पुन्हा चालू लागलो, तरी हप्ते बंदच राहिले. वसुलीवाला खेपा घालून थकला. शेवटी म्हणाला, निम्मे भरा, बाकीचे सोडतो. खुशालरावांनी निम्मे भरले आणि गल्लीत पेढे वाटले. "कसा वाकवला पाहा!" असं ते भेटेल त्याला सांगत होते.

आचल मात्र अभ्यासाला जुंपलेली राहिली. दोनदा थोडक्यात हुकली. यंदा तिची बँकेत निवड झाली, अमरावतीची शाखाही मिळाली. मनकर्णाबाईंनी तिच्यासाठी नव्या साड्या काढून ठेवल्या. मग कागदपत्रं तपासताना बँकेने तिच्या जुन्या कर्जाची माहिती काढली. त्यात मी होतो! कर्ज पूर्ण फेडलेलं नाही, तडजोड करून मिटवलं आहे, असा शेरा तिच्या नावापुढे होता.

खुशालराव उरलेले पैसे घेऊन फायनान्स कंपनीत धावले. तिथला माणूस म्हणाला, "खातं बंद झालं, आता आम्ही पैसे घेऊ शकत नाही. शेरा बदलायचा तर मुख्य कार्यालयात अर्ज करा." अर्ज केला. उत्तर यायच्या आत रुजू होण्याची तारीख निघून गेली आणि निवड रद्द झाली. लोकांचे पैसे सांभाळणाऱ्याचा स्वतःचा व्यवहार चोख हवा, हे मलाही कळतं. पण एका कूलरपायी? तेही तिने न बुडवलेल्या हप्त्यांसाठी? असा संताप येतो की काय सांगू!

काल दुपारी खुशालराव अजूनही दुकानदारालाच शिव्या घालत होते. "चूक त्याची, अन् भोगून आपण राहिलो!"

आचल पुस्तकं दोरीने बांधत होती. तिने मान वर केली नाही. "बाबा, भांडन तुमचं होतं. सही माही होती."

खुशालराव उठले आणि त्यांनी माझं तोंड तिच्याकडे वळवलं. तिने हात लांब करून बटण बंद केलं.

मित्रांनो, कोणी फसवलं तर जरूर भांडा, तक्रार करा, हवं तर माझ्यासारख्याला लाथ मारा. पण वस्तू ज्याच्या नावावर घेतली, त्याला हप्ता थांबवण्याआधी विचारा. त्या मे महिन्यात आचल याच खोलीत, माझ्या बंद पंख्यासमोर घामाघूम होऊन अभ्यास करत होती. तिला कोणी विचारलं नाही.