थोरल्या पुराची रेघ

पाशामियाँ गवंड्याला चार दिवस जेवण गोड लागेना. सकिनाबीनं विचारलं, तर तो भाकरीत मीठ नाही म्हणून तिच्यावरच खेकसला. भाकरीत मीठ होतं.

खरं तर आनंदी आनंद व्हायला हवा होता. जिल्हा मुंबई राज्यात गेल्याला दोन वर्षं झाली होती आणि तेरणेवर एकदाचा पूल मंजूर झाला होता. निजामाच्या तामिरात म्हणजे बांधकाम खात्यानं नुसत्या मोजण्या केल्या होत्या. आता साताऱ्याकडचा तरुण ओव्हरसियर दुर्बीण घेऊन आला, घाटाच्या भिंतीवरची थोरल्या पुराची रेघ त्यानं पाहिली आणि तिच्या चार फूट वर पुलाची पातळी ठरवून टाकली. दगडी कमानींचा पूल, मुख्य गवंडी पाशामियाँ. जन्मभर गोठे आणि हौद बांधलेल्या माणसाला आणखी काय हवं?

पण घोडं त्या रेघेपाशीच पेंड खात होतं. पुराचं पाणी जिथवर चढलं, तिथं पाशामियाँच्या बापानं दगडात ती कोरली होती. बायका तिला नदीचं पाऊल मानून हळदकुंकू लावत. मात्र धुण्याच्या दगडावर चढून टाचा उचलल्या, तरच बोट टेकायचं. पोलीस ॲक्शनच्या पुढच्या साली भिंत ढासळली आणि पाशामियाँनं ती नव्यानं रचली. तेव्हा गजराबाईनं हात पुरत नसल्याचं गाऱ्हाणं केलं. पाशामियाँ मऊ मनाचा. त्यानं रेघेचा दगड तीन हात खाली, छातीच्या उंचीला बसवला. बायकांना हे ठाऊक होतं, पण बायकांना विचारतो कोण? पुरुष घाटावर पोहायला जात, रेघ बघायला नाही.

आता बोलावं तर कागद परत कचेरीत जाणार, आणि पुलासाठी खालच्या अंगाची दोन गावं टपूनच होती. न बोलावं तर पुढंमागं तसाच पूर येणार. पाण्याला कमानीखालून वाट उरली नाही की ते पुलालाच ढकलतं, हे गवंड्याला शिकवावं लागत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. तो घाटावर जाई, सुतळीनं भिंत मोजी, घरी येई, पुन्हा जाई. सुतळीवरच्या तीन हातांचे काही अडीच होत नव्हते.

पाचव्या दिवशी चुन्याची आखणी होती. सारं गाव जमलं. ओव्हरसियरनं फक्कीचं घमेलं मागितलं आणि पाशामियाँच्या हातातून ते सुटेचना.

"साहेब," तो म्हणाला, "ती रेघ तिच्या जागी न्हाय. म्याच खाली आणली."

पुलाचं कंत्राट घेतलेला गुत्तेदार कल्याणप्पा डोळ्यांनी गप्प राहायला खुणावत होता. ओव्हरसियर चिडला, मग त्याचा चेहरा पडला, आणि त्यानं साक्षीदार मागितला. पुरुषमंडळी जमिनीकडं बघू लागली. मागच्या बायकांतून गजराबाई पुढं आली आणि कुणाला न विचारता धुण्याच्या दगडावर चढली. टाचा उचलून तिनं हात वर केला. म्हातारीची कंबर आता वाकली होती.

"तवा पाठ सरळ व्हती," ती म्हणाली. "आणखी दोन वीत वर धरा. आन् दगड खाली घ्यायला त्याला म्याच सांगितलं व्हतं."

कुणी हसलं नाही. ओव्हरसियरनं तिच्या बोटापासून दोन वीत वर खूण केली आणि तिथून रेघेपर्यंत टेप सोडली. पाशामियाँच्या सुतळीइतकेच, तीन हात भरले. त्यानं वही मिटली. नकाशा नवा, मंजुरी नवी. काम यंदा तरी बंद, असं त्यानं सांगितलं. लोक पाशामियाँकडं न बघता पांगू लागले. कल्याणप्पानं मात्र जाता जाता ऐकवलंच, की काम आलं तरी गवंडी उमरग्याचा आणीन, तोंडाळ माणूस नको.

पाशामियाँनं घमेलं खाली ठेवलं. असा पूल त्याच्या हातून आता होणार नव्हता, हे त्याला कळलं.

"कुणालाबी आणा," तो म्हणाला. "पर रेघ ही धरा. गजराकाकीच्या हाताची."