रॉकेटच्या बुडाची रिंग

हर्षालीला एक वस्तू पसंत पडेल तर शपथ, असं सरूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होत्या. नात इंजिनीअरिंगला, सुट्टीला घरी आलेली, आणि आल्यापासून ओसरीवर कॉलेजात बनवलेलं लांबलचक रॉकेट आडवं टाकून त्याच्या बुडाशी काय लावायचं याच विचारात. सरूबाईंनी दुभती म्हैससुद्धा एवढ्या वेळात घेऊन घरी आणून बांधली असती.

कारण पोरीनं समजावलं होतं. मोटर, म्हणजे जळणाचं नळकांडं, खालून रॉकेटच्या नळीत घालायची. रॉकेट वर पोचलं की आत बार उडतो आणि त्याच्या दाबानं तोंडाकडून पॅराशूट बाहेर पडतं. पण मोटर ढिली असली तर तीच मागून निसटते, दाब तिकडूनच निघून जातो, पॅराशूट आतच राहतं आणि वर्षभराची मेहनत दगडासारखी खाली येते. तिच्याबरोबर आलेला वर्गमित्र ऋषी म्हणाला, टेप गुंडाळू, घट्ट बसेल. हर्षालीनं त्याच्याकडं असं बघितलं की तो चहाला उठून गेला. मोटर धरायच्या क्लिपांचे स्क्रू पातळ प्लायमधून उपटतील म्हणून क्लिपाही बाद झाल्या. शेवटी बाटलीच्या तोंडासारखा ॲल्युमिनियमचा आट्यांचा गळा नळीला कायमचा चिकटवला आणि त्यावर फिरवून बसवायची रिंग ठरली.

उडवायच्या दिवशी बैलगाडा शर्यतीच्या मैदानात, म्हणजे घाटात, अर्धं गाव लोटलं. परवानगी कॉलेजनं काढली होती, आवतणं सरूबाईंनी दिली होती, पार जुन्नरच्या व्याह्यांपर्यंत. नवं लुगडं नेसून त्या पुढं झाल्या. पूजा करायची ती पायांची, म्हणून त्यांनी नारळ फोडून पाणी थेट रॉकेटच्या बुडावर ओतलं आणि वर मूठभर भंडारा उधळला.

हर्षाली मोटर घालून रिंग फिरवायला गेली, तर रिंग अर्ध्यातच अडली. आट्यांत हळदीचा चिखल.

शर्यतीत बैलांची नावं पुकारणारा सावळाराम माईकवर होता. सरूबाईंचं विमान अजून जुपलंच न्हाई राव, म्हणून त्यानं घाट हसवला. सरूबाईंचे कान तापले. ऋषीही हळूच म्हणाला, अर्धी बसलीय, चालेल.

"बास हाय तेवढी. उडव, गाव बघतंय," सरूबाई म्हणाल्या.

"बघू दे. अर्ध्या आट्यांवर मी सोडणार नाही. आणि आजी, चिखल तू केलायस, पदर इकडं दे."

सरूबाईंना असं आजवर कुणी बोललं नव्हतं. पण पदर पोरीच्या हातात गेलाही होता. मोटर काढून ती खराट्याच्या काडीनं आटे कोरत बसली. लोक भेळेच्या गाडीकडं पांगले. सावळारामानं पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा मात्र सरूबाई कडाडल्या, "सावळ्या, तुझा बैल घाटात उलटा पळाला तवा आमी गप बसलो व्हतो."

अखेर रिंग लोण्यासारखी शेवटपर्यंत फिरली. सगळ्यांना लांब हटवलं. बटण दाबलं, आणि रॉकेट असं सुटलं की सावळारामानं माईकवर नुसतीच आरोळी ठोकली. वर, अगदी ठिपका झाल्यावर, धुराचा पुंजका दिसला. मग काहीच नाही. आणि केशरी पॅराशूट उमललं.

घाटात शिट्ट्या, हलग्या, टोप्या हवेत. रॉकेट डुलत कांद्याच्या वावरात उतरलं. ऋषी धावत घेऊन आला. मोटर जागच्या जागी, रिंग तसूभर हललेली नाही. हर्षाली ते छातीशी धरून हसत होती, आणि डोळेही पुसत होती.

पिवळाधमक पदर खोचून सरूबाई सरळ सावळारामाकडं गेल्या, त्याच्या हातातला माईक काढून घेतला आणि नातीकडं तोंड केलं.

"हर्षे, माझं चुकलं असं मी काय म्हननार न्हाई. पन तुझं बराबर व्हतं."