ढालवाला धोंडीराम

पडद्यावर दहा लढवय्ये होते आणि खोलीत माणसं सात. हा तिघांचा फरक कोपऱ्यातल्या टेबलावर होता. तिथे दोन लॅपटॉप, तडा गेलेला एक टॅब आणि चार्जरला लावलेला एक मोबाइल अर्धगोलात मांडून ठेवले होते. प्रत्येकात एक पात्र होतं आणि चारही पात्रं संघप्रिया एकटी चालवत होती.

"धोंडीराम, म्होरं हो! सोनूबाई कुठाय?" विश्वजित खुर्चीतून अर्धा उठला होता.

"मागं हाय की. वरडू नको, तिला ऐकू येतंय," संघप्रिया मान न वळवता म्हणाली. तिचा डावा हात एका लॅपटॉपवरून टॅबवर गेला, उजव्या हाताने दुसऱ्या लॅपटॉपवर एक कळ दाबली. पडद्यावरच्या बर्फाच्या राक्षसाला आक्काची आग लागली आणि तो कोसळला. माळ्यावर आरडाओरडा झाला. खालच्या दुकानातून विश्वजितच्या भावाने छताला काठी ठोकली.

शिवाजी पेठेतल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावरची ही खोली विश्वजितची. खेळाचं नाव 'अग्निगड'. त्यातल्या खोट्या राज्यात जादू होती, किल्ले होते, राक्षस होते, आणि हजारो खेळाडू आपापल्या घरातून तिथे एकमेकांना भेटत. या सात जणांनी मात्र रविवारी एका खोलीत बसून खेळायचं ठरवलं होतं आणि आपल्या गटाला कांडप टोळी असं नाव दिलं होतं. मोठ्या मोहिमेला दहा जण लागत. कमी पडायचे ते संघप्रिया भरून काढायची. एका माणसाने कितीही पात्रं चालवावीत, खेळाची हरकत नव्हती; अट एवढीच, की बटण दाबणारा हात माणसाचा हवा.

दूध संघाच्या प्रयोगशाळेत संघप्रिया नमुने तपासायची. एक नमुना यंत्रात गरगरत असतो तेवढ्यात दुसऱ्यात आम्ल घालायचं, तिसरा गरम पाण्यात ठेवायचा, चौथ्याची फॅट वाचायची. खेळातही तसंच होतं. ढालीचा एक तडाखा दिला की धोंडीरामला काही सेकंद थांबावं लागे. त्या सेकंदांत गुंडूचा बाण सुटायचा, आक्काची आग पेटायची, सोनूबाई जखमा बुजवायची. चार जण एकदम चालवता येत नाहीत, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. एकाच्या विसाव्यात दुसऱ्याला चालवायचं, एवढंच जमतं.

सगळ्यांचं पाणी पिऊन झाल्यावर विश्वजितने विषय काढला. दिवाळीत पुण्याला स्पर्धा होती. सगळ्या लढती थेट दाखवणार होते. एक शीतपेयवाला टोळीला टीशर्ट द्यायला तयार झाला होता, पाठीवर पात्राचं नाव छापलेला.

"तर संघप्रिया, तेवढं नावांचं बघ की."

"कसलं?"

"हे बघ." त्याने पडद्यावरची यादी दाखवली. "रणवज्र. कालकेसरी. शुभ्रज्वाला. आणि मधीच आपले धोंडीराम, सोनूबाई, गुंडू, आक्का. लढाईला निघालोय का लग्नात वाढपी न्यायला निघालोय, तेच कळंना."

सगळे हसले. संघप्रियाही हसली. "वाढपी न्हाई आले तर जेवणार काय तुम्ही?"

"चेष्टा न्हाई गं. पुण्याची पोरं फिदीफिदी हसतील. चारी नावं बदल. जो काय खर्च व्हईल तो टोळी करंल. मी काढून ठेवल्यात नावं. धोंडीरामचा वज्रसेन करू."

"न्हाई करायचा."

"का?"

ती उत्तर द्यायच्या आधीच कागलचा राजवीर बोलला. त्याला गप्प बसणं जमत नसे. "आमच्या मळ्यात व्हता की एक धोंडी. गुरं राखायचा."

शुभ्रज्वाला हे पात्र चालवणारी स्नेहल मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागली.

"असंल की," संघप्रिया म्हणाली. "माझा आजाबी राखायचा. नेसरीत, दुसऱ्यांची. तुमच्याकडचा येगळा असंल. धोंडीराम काय एकच असतोय व्हय?"

"मी तसं न्हाई म्हटलो..."

"तू जसं म्हटलास तसंच ऐकलं मी. आता माझं ऐक. माझ्या पणजीची तीन पोरं पाठोपाठ गेली. चौथा, माझा आजा, झाला तवा तिनं त्याचं नाव धोंडी ठेवलं. दगड हाय, ह्यात काय न्यायचं, म्हणून मरणानं टाकून जावं. त्याच्या पाठचा गुंडू. त्योबी दगडच. दोघंबी ऐंशीच्या म्होरं जगले. ढाल घेऊन सगळ्यांच्या म्होरं हुबं ऱ्हाणाऱ्याला ह्याच्यापरास चांगलं नाव असलं तर सांग विश्वजित, आत्ता बदलतो."

विश्वजितने मान खाजवली. "गोष्ट झकास हाय. पर टीशर्टवर गोष्ट छापत न्हाईत."

"मग नाव छाप."

"संघप्रिया, म्होरल्या रविवारपतोर बघ. न्हाईतर मला दुसरी माणसं घ्यावी लागतील." त्याचा आवाज चढला नव्हता, पण त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं. "आणि टोळी सोडून ही चार घेऊन तू करणार काय? ह्या नावांनी राखेची विहीर पार करून दाखव, मग बोलू."

राखेची विहीर म्हणजे अग्निगडातली चौघांची सगळ्यात अवघड जागा. विहिरीच्या तळाशी सात तोंडांची घोरपड. आत गेल्यावर मेलेला पुन्हा उठत नाही. जे पार होतात त्यांची नावं राजधानीच्या चौकातल्या शिळेवर कोरली जातात आणि ती सगळ्या खेळाडूंना दिसतात. टोळीतल्या चौघांना, म्हणजे चार वेगवेगळ्या माणसांना, ती पाचव्या खेपेला जमली होती.

संघप्रियाने वायरी गुंडाळल्या आणि ती घरी आली.

आई भाकरी थापत होती. तिला खेळातलं काही कळत नसे, पण लेकीचं तोंड कळायचं. सगळं ऐकून ती म्हणाली, "खर्च टोळीच देणार म्हणतीस, मग टाक की बदलून. खेळच हाय न्हवं?"

"खेळच हाय, तर मग त्यांना तरी का खुपतंय?"

आईने भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी लावलं. "हेबी खरंच," ती म्हणाली. मग तिला वेगळीच शंका आली. "मामंजी, धाकले मामंजी आणि आत्याबाई गेल्यात. त्यांचं ठीक हाय. पर त्यांची धाकली बहीण, आक्का, अजून जित्ती हाय. तिला इचारलंस का नाव घेताना?"

"इचारलं की. फोन केलता नेसरीला. म्हटली, मी काय करतो त्यात? म्हटलं, आग लावतीस."

"मग?"

"मग म्हटली, बराबर हाय."

आईला हसताना ठसका लागला.

"तुझ्या नावाचं कोण न्हाई त्यात?" ताट वाढताना तिने विचारलं.

"चालवणारी मी हाय की."

त्या रात्री संघप्रियाने खेळ उघडला नाही. टोळी सुटली तर रविवारची संध्याकाळ कशी जाईल, याचा तिने विचार करून पाहिला. कामावर तिला जिवाभावाचं कुणी नव्हतं. कॉलेजच्या मैत्रिणी लग्न होऊन पांगल्या होत्या. नाव घेऊन तिला ओरडणारी माणसं त्या माळ्यावरच होती, आणि ती तिला हवी होती. राजवीरसुद्धा. नावं बदलली तर ती सगळी राहणार होती. हा हिशेब तिने दोनदा केला. उत्तर दोन्ही वेळा तेच आलं आणि दोन्ही वेळा तिला ते पटलं नाही.

पुढच्या रविवारी पिशवी खांद्याला लावून ती माळ्यावर आली तेव्हा सगळे आधीच बसले होते.

"या पावणं," विश्वजित म्हणाला. गंमतीत म्हणायला गेला आणि म्हटल्यावर त्यालाच ते कसंसं वाटलं.

"आलो की," संघप्रिया म्हणाली. बाहेरच्या गिऱ्हाइकाकडून विश्वजित खोलीत बसायचं तासाचं भाडं घेई. तिने तेवढी नोट काढून त्याच्यासमोर ठेवली.

"ए, गप ए. तुझ्याकडनं भाडं?"

"पावणी हाय न्हवं मी? घे. नावं बदलली न्हाईत. विहीर करायला आलोय."

"एकटी?" राजवीरने विचारलं.

"चौघं हाईत."

तिने चारही यंत्रं आपल्या जागी मांडली. कुणी तिच्या मागे येऊन उभं राहिलं नाही, पण कुणाच्याच कीबोर्डचा आवाजही येईना. विश्वजितने हळूच भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर राखेची विहीर लावली. खेळात दुसऱ्याची लढत बघता येत असे.

सुरुवात बरी झाली. पायऱ्यांवरच्या राखेतून उठणारे सांगाडे गुंडूने लांबूनच पाडले. तळाशी घोरपडीने पहिलं तोंड उघडलं, तेव्हा धोंडीराम ढाल रोवून तिच्यासमोर उभा होता. संघप्रियाचे हात ठरलेल्या क्रमाने फिरत होते: तडाखा, बाण, आग, औषध. पुन्हा तडाखा. एक तोंड गेलं. दुसरं गेलं. तिसरं तोंड पडलं तेव्हा पाठीमागे कुणीतरी दबक्या आवाजात "आयला" म्हणालं.

चौथ्या तोंडाला चूक झाली. या तोंडाचा घाव जड असतो. ढालवाल्याला एकदम दोन वैदूंचं, नाहीतर एकाचंच लागोपाठ दोनदा औषध लागतं. टोळीत असताना एक सोनूबाई द्यायची आणि दुसरं स्नेहलची शुभ्रज्वाला. तीन वर्षांची सवय. घोरपडीने मान मागे घेतली आणि संघप्रिया मोठ्याने ओरडली, "स्नेहल, ढाल!"

आणि अर्धा श्वास थांबली.

मागे स्नेहलची बोटं आपल्या कीबोर्डवर आदळली. तिच्या पडद्यावर राजधानीचा बाजार उघडा होता. तिथे तिने औषध सोडलं. एका भाजीवालीभोवती हिरवा उजेड पडला आणि विझला.

धोंडीराम गुडघ्यावर आला, आडवा झाला. ढाल राखेत पालथी पडली.

"गेला," राजवीर म्हणाला. त्याला हसू आलं नव्हतं.

"बास कर गं," विश्वजित म्हणाला. "ढाल गेल्यावर काय ऱ्हातंय? बंद कर. परत कर कवातरी."

संघप्रियाने धोंडीरामचा लॅपटॉप हाताने बाजूला सारला. टॅब जवळ ओढला. "परत कशाला? तिघं हाईत अजून."

"वैदू म्होरं घेतीस? मरंल ती!"

"बघू."

सोनूबाईच्या हातात काठीशिवाय काही नव्हतं. संघप्रियाने तिला घोरपडीच्या तोंडासमोर नेऊन उभं केलं. घाव बसला की ती स्वतःचीच जखम बुजवायची, पुढचा घाव घ्यायची. तिच्या मागून गुंडू आणि आक्का मारत राहिले. आता विसाव्याचे सेकंद पुरत नव्हते. दर वेळी सोनूबाईचं आयुष्य पूर्वीपेक्षा थोडं कमी भरत होतं. चौथं तोंड गेलं, पाचवं गेलं. सहाव्याने गुंडूला उचलून भिंतीवर आपटलं. संघप्रियाने मोबाइल पालथा ठेवला. टॅबच्या तड्यावरून सरकताना तिचं बोट कापलं होतं. ते तिने कुर्त्याला पुसलं आणि पुन्हा ठेवलं.

खोलीतले सगळे केव्हा उठून तिच्या खुर्चीमागे आले, ते तिने पाहिलं नाही.

"काठी बदल, काठी!" राजवीर ओरडला. "डावीकडनं जा!"

"माझी आज्जी हाय, तुझी न्हाई. गप बस."

"बरं, जा उजवीकडनं!"

सातवं तोंड उघडलं आणि सोनूबाई त्यात दिसेनाशी झाली. आक्का एकटी उरली. संघप्रियाने दोन्ही हात एकाच लॅपटॉपवर आणले. संध्याकाळभरात पहिल्यांदाच तिला एकच माणूस चालवायचा होता. तिने आक्काला विहिरीच्या कडेकडेने पळवलं, वळवलं, थांबवलं आणि आग लावली. पुन्हा पळवलं.

राजधानीच्या चौकात शिळेवर एक नवी ओळ उमटली.

राखेची विहीर. धोंडीराम, सोनूबाई, गुंडू, आक्का. वेळ : एक्कावन्न मिनिटं, आठ सेकंद. जिवंत : एक. क्रमांक : चारशे सदतीस.