भिमाजीबाबांच्या वेलाची जात

“डॉगरिज? माझ्या वेलाला डॉगरिज म्हणता तुमी?”

भिमाजीबाबांनी रिपोर्ट माझ्या टेबलावर आपटला. निफाडकडच्या खेड्यातून सकाळच्या एसटीने आलेला सत्तरीचा माणूस, आणि आवाज असा की आतल्या खोलीत सरांनी दार लावून घेतलं. लावणारच! नाशकातल्या आमच्या डीएनए तपासणीच्या लॅबमध्ये भांडण आलं की मैनाला, म्हणजे मला, पुढे करायचं, हा नियमच आहे.

“बाबा, डॉगरिज म्हणजे खुंट. तुम्ही ज्याच्यावर द्राक्षाचं कलम बांधता ना, तो रानटी वेल.”

“मला शिकवता? उभा जन्म द्राक्षात गेला माझा!”

“मग पानं कुठली आणलीत, तेवढं सांगा.”

“बुडाची. खालून फुटवे येतात, ते आमी काढूनच टाकतो. तीच आणली. वरची कशापायी तोडू? त्यांच्या जिवावर काडी पिकायची हाय अजून.”

मी कपाळावर हात मारला. कलमाच्या वर वाढतं ते द्राक्ष, खालून फुटतो तो खुंट. या बाबांनी कचऱ्यात जायची पानं वाचवून आणली होती, खुंटाची!

“अहो, मग खुंटच निघणार ना!”

“पण कलमाला दहा वर्षं झाली की. सून दहा वर्षं नांदली तर घरची होती. ह्यांचं रक्त अजून येगळंच?”

हसावं की रडावं कळेना. ती राठ पानं मी जीव खाऊन कुटली होती. लोडशेडिंगने मशीन मध्येच बंद पडलं म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं होतं. आणि कशासाठी, तर खुंटाला खुंट म्हणण्यासाठी!

मी त्यांना बसवलं, चहा दिला. मग कळलं, बाबा भांडायला आले नव्हते, घाबरले होते. त्यांच्या थॉमसन जातीच्या द्राक्षबागेत पूर्वी एका वेलाच्या एकाच फांदीला लांब मण्याचा, कुरकुरीत माल लागला होता. बाबांनी ती फांदी जपली, तिची कलमं केली, वाढवली. गाव त्याला भिमाजीचा वेल म्हणायचं. छाटणीच्या दिवसांत जो मागेल त्याला बाबा कलमासाठी काड्या द्यायचे. आमच्याकडे काडी मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. पुतण्या योगेशनेही नेल्या. आता त्याने रोपवाटिका टाकली होती, वर बोर्ड लावला होता ‘योगेश सुपर’. बागायतदारांच्या बैठकीत तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, “काकांचा वेल म्हणजे साधा थॉमसन. त्यातून ही जात मी काढली.”

“म्या गप बसलो,” बाबा म्हणाले. “म्हटलं, डीएनए करू. मशीन खोटं बोलत नाय. येगळा निघाला की बैठकीत वाचून दाखवीन.”

वेलाच्या डीएनएतल्या हजारो खुणांपैकी आम्ही मोजक्या तपासतो. थॉमसन आणि शरद या दोन जाती वेगळ्या आहेत, हे त्यावरून चटकन कळतं. पण थॉमसनच्याच फांदीत झालेला बारीकसा बदल? गावातली चार दारं ठोठावायची आणि सगळं गाव कळलं म्हणायचं, तशातली गत.

“बाबा, फरक दिसेलच असं नाही हं.”

“दिसंल. आंधळ्याला दिसंल!”

या वेळी पानं तोडायला मीच गेले. भिमाजीबाबांच्या बायकोने, नवसाबाईंनी, पिठलं-भाकरी खाल्ल्याशिवाय बागेत पाऊल ठेवू दिलं नाही. शेंड्याची कोवळी पानं घेतली, बर्फात ठेवली. बांधापलीकडे योगेशची बाग. त्याने तर हसत हसत पानं दिली, वर म्हणाला, “घ्या मॅडम, पायजे तेवढी घ्या.” गोड बोलणारी माणसं मला पहिल्यापासून आवडत नाहीत.

निकाल आला. भिमाजीचा वेल, योगेशचा वेल आणि थॉमसन, तिघांच्या खुणा अगदी एकसारख्या. मी पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. इतका संताप आला की मशीनला लाथ घालावीशी वाटली.

“सर, एक ओळ तरी लिहू. मणी वेगळा आहे, आपल्या चाचणीत तो फरक सापडत नाही म्हणून.”

“मणी तू पाहिलास?”

“ऑगस्टात वेलाला मणीच नसतात, कुठून दिसणार?”

“मग? जे दिसलं तेवढंच लिहायचं, मैना.”

सर चुकीचे नव्हते, हेच तर दुखणं होतं. पोस्टाने पाठवता आला असता तो कागद. माझ्याने झालं नाही.

टाळत टाळत शेवटी मी बागेत पोचले तेव्हा ऑक्टोबरची छाटणी चालली होती. बाबा कात्री खिशात घालून सामोरे आले. मी सरळ सांगून टाकलं. आडवळणाने बोलणं मला जमत नाही. “फरक सापडला नाही, बाबा. फरक नाही असं नव्हे. आम्हाला सापडला नाही.”

“म्हंजी कागदावर काय?”

“थॉमसन.”

बाबांनी पायाशी पडलेली एक काडी उचलली. नवसाबाई मात्र तडकल्या, “काय कामाचं ते मशीन! मळ्यातली शेळीसुद्धा वळखती ह्यो वेल!”

एवढ्यात योगेशची मोटारसायकल आली. लाजलज्जा तरी असावी माणसाला! उतरला आणि म्हणाला, “काका, औंदा मागणी लय हाय. माझी काडी कमी पडती. दोन पेंढ्या द्या ना.”

मला राहवलं नाही. “बाबा, याला? एक काडी देऊ नका!”

योगेश माझ्याकडे बघून हसला. बाबांनी माझ्या हातातला रिपोर्ट घेतला, घडी घातली.

“ताई, तुमचा कागद म्हणतो थॉमसन हाय. थॉमसनला नाय म्हणू व्हय?”

मी बाजूला सरले.

बाबा खाली बसले. त्यांनी पिकलेल्या, पेन्सिलीएवढ्या काड्या निवडल्या. बारक्या आणि वाकड्या बाजूला टाकल्या. काडी उलटी लावली की रुजत नाही, म्हणून सगळ्यांचे शेंडे एका अंगाला घेऊन त्या सुतळीने बांधल्या, भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं. माझ्या मनात आलं, एखादी सडकी काडी तरी घाला हो आत. नाही घातली.

पेंढ्या योगेशच्या हातात देताना त्यांनी त्या नीट फिरवून दिल्या.

“शेंडा ह्या अंगाला हाय. आन् वाटंत ऊन लागू देऊ नको.”